ऑनची गाडी

"साहेब, गाडी गेली!"

फोनवर बाळासो इंगवले असा गळा काढत होता, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातलं माणूसच गेलं. फौजदार पिराजी खुडे यांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.

"कुठली गाडी?"

"तुफान की साहेब! लाल तुफान! रात्रीत दुकानातनं उचलली. चोर कोण ते बी सांगतो. तुमी फक्त बेड्या घेऊन या."

चोरीची फिर्याद आणि चोराचं नाव एकाच दमात सांगणारी माणसं खुड्यांना कधीच आवडली नव्हती. असल्यांना पोलीस नको असतो, हमाल हवा असतो. तरी त्यांनी टोपी चढवली आणि जीप काढायला सांगितली.

साल पंच्याऐंशी. नवरात्र चालू होतं आणि अख्खं कोल्हापूर एका मोटरसायकलपायी खुळं झालं होतं. तुफान! नवी, हलकी, वाऱ्यासारखी पळणारी. पेपरात तिचा फोटो आला आणि तालमीतल्या पोरांपासून पेढीवरच्या शेठजींपर्यंत सगळ्यांना तीच पाहिजे झाली. आली किती? अख्ख्या जिल्ह्याला एक. बाकीच्या पुढच्या लॉटमध्ये. पुढचा लॉट कधी, ते देवाला आणि कंपनीला ठाऊक.

आणि मध्ये बसला होता बाळासो. कंपनीची किंमत चौदा हजार. त्यावर सहा हजार हातोहात, बिनपावतीचे. त्याला म्हणायचं 'ऑन'. ऑन देऊन काय जादा मिळतं? काही नाही. ना एक चाक जादा, ना एक आरसा. फक्त बाळासो हसून बोलतो. एवढ्या महागाचं हसू आमच्या पेठेत दुसऱ्या कुणाचं नसेल. तरी पुढच्या लॉटमधल्या नंबरासाठी गाव ते रांगा लावून विकत घेत होतं, आणि वर 'आपली ओळख हाय म्हणून सहात भागलं' असं मिशीला पीळ देऊन सांगत होतं. लाज म्हणून नाही कुणाला!

इंगवले ऑटोसमोर बुकिंगवाल्यांची झुंबड उडाली होती. "आमचा नंबर कुठं गेला?" "आमचं पैसं?" असा नुसता कालवा. खुडे वाट काढत आत शिरले.

बाळासो पांढऱ्या सफारीत उभा होता, गळ्यात सोन्याची साखळी, पाय अनवाणी. नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालायची नाही असा त्याचा नेम होता. गिऱ्हाईकाला नागवायचं नाही असा नेम काही त्याने केला नव्हता.

"कुलूप?" खुड्यांनी विचारलं.

"शाबूत हाय साहेब. किल्लीनं उघडलंय."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला, एक मॅनेजर ज्ञानूकडं. त्या गौसनं डुप्लिकेट केली असणार."

"कोण गौस?"

"गौस मुजावर. एसटीचा ड्रायव्हर. बुकिंगचा पहिला नंबर त्याचा. परवा इथं उभा राहून पन्नास माणसांसमोर बोलला, 'ही गाडी माझी हाय, मी नेणार म्हंजे नेणार, बघतो कोण आडवा येतोय.' आता आणि काय पुरावा पायजे?"

"पहिला नंबर त्याचा, तर मग त्याला दिली का नाही?"

बाळासोने घसा साफ केला. "दसऱ्याला देणार होतो की. मुहूर्तावर. कलेक्टर हापिसातनं तसं लेखी बी आलंय, ह्यालाच द्या म्हणून. तिथं जाऊन रडलाय गडी."

"ऑन दिला नव्हता म्हणे त्यानं."

"ऑन? ऑन म्हंजे काय साहेब?" बाळासो म्हणाला. आणि त्याचा चेहरा इतका निर्मळ होता, की खुडे सरळ दाराकडे वळले.

दारात धोंडुबाई झाडलोट करत होती. सकाळी दुकान उघडायला ज्ञानूबरोबर तीच आली होती आणि रिकामी जागा तिनेच आधी पाहिली होती. दाराबाहेरच्या उतारावर चिलटं घोंगावत होती आणि ती त्यांना शिव्या घालत खराट्याने चिरडलेली लिंबं गोळा करत होती.

"मावशी, काल कोण आलतं इथं?"

"मला काय ठावं बाबा? मी सांजचं झाडून जाते, ते सकाळी येते. लख्ख करून गेलते. आता हे बघ चिकाट! आणि माझं लुगडं बघ." तिने पदर पुढे केला. त्याला वाटाण्याएवढी चार ताजी भोकं पडली होती. "काल मागच्या खोलीत पुसाय गेले आणि ही गत. नवं कोरं लुगडं! कोण भरून देणार हाय?"

"ए धोंडे, जा तिकडं," बाळासो खेकसला. "साहेबांना लुगड्याचं काय सांगतीस?"

खुडे मागच्या खोलीत गेले. ज्ञानू मगदूम, दुकानाचा मॅनेजर, तिथे टेबलाशी बसला होता. माणूस भित्रा. दर प्रश्नाला आधी मालकाच्या दिशेने बघायचा.

"ज्ञानू, नवी गाडी लॉरीतून उतरली की लगेच चालते का?"

"न्हाय साहेब. टाकी कोरडी असती, बॅटरी कोरडी असती. गिऱ्हाईक ठरलं की बॅटरीत ॲसिड घालायचं, चार्जिंगला लावायची, मग पेट्रोल."

"तुफानची लावली होती?"

ज्ञानूने दाराकडे पाहिलं. दारातून बाळासोच बोलला, "न्हाय, न्हाय. कोरडीच होती. दसऱ्याच्या आदल्या दिशी लावणार होतो. चोरानं ढकलत न्हेली असणार."

"अच्छा. ह्या आठवड्यात दुसरी कुठली गाडी विकली?"

"घटस्थापनेला एक स्कूटर गेली, तेवढीच," ज्ञानू म्हणाला. "दुकानात दुसरी गाडीच न्हाय साहेब. सगळा माल संपलाय."

"तुफानसाठी सगळ्यात जास्त मागं कोण लागलं होतं?"

"सगळंच की. पण हंबीरराव चौगुले, उद्यमनगरातले फौंड्रीवाले, त्यांनी तर पिच्छा पुरवलेला. सकाळ-संध्याकाळ फोन. पोराला दसऱ्याला पायजे म्हणून. आज तेवढं बरं हाय, त्यांचा फोन न्हाय. बाकी गावानं जीव खाल्लाय."

बाळासो म्हणाला, "साहेब, वेळ घालवायलाय तुमी. गौसला उचला."

गौसला उचलावं लागलंच नाही. खुडे चौकीत परतले तर तो बाकावर बसला होता, खाकी कपड्यात, शेजारी बायको मेहमुदा. बाळासोने सकाळीच एसटी स्टँडवर जाऊन डेपो मॅनेजरच्या कानात विष ओतलं होतं.

"साहेब, मला ड्यूटीवरनं खाली उतरवलंय," गौस म्हणाला. आवाज त्याचा मोठा, पण आता पार खरवडून निघालेला. "मॅनेजर म्हणाले, दसऱ्यापर्यंत नाव साफ करून आण, न्हायतर सस्पेंड. चोर ड्रायव्हर आमाला नको म्हणाले."

"काल रात्री कुठं होतास?"

"घरात. झोपलोतो. साक्ष कोण देणार? ही." त्याने बायकोकडे बोट केलं. "बायकोची साक्ष कोण धरतंय?"

"दुकानात धमकी दिलीस?"

"दिली की! खोटं कशाला बोलू? माझा पहिला नंबर. कंपनीची किंमत रोख घेऊन उभा हाय, तर हा म्हणतोय वर सहा ठेव. कशाचं सहा? मी म्हणलं, आमच्या एसटीत पाशिंजराकडनं तिकिटाच्या वर एक पैसा घेत न्हाईत, तर तुला का देऊ?"

मेहमुदाचा बांध फुटला. "लई सांगितलं साहेब ह्यास्नी. सगळं गाव देतंय, तुमी बी द्या म्हणलं. मी भिशीतनं काढून देते म्हणलं. ऐकायचं नाव न्हाय! आता नोकरी गेली तर खायाचं काय, ती गाडी?"

"मेहमुदा, गप."

"का गप? दोन लेकरं हायत घरात. तुमच्या इमानदारीचं कालवण करून घालू त्यास्नी?"

गौसने टोपी काढली. तिच्यावरचा बिल्ला तो अंगठ्याने पुसत बसला. खुड्यांना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्या बाळासोचा आला. सरळ माणसाला त्याच्याच बायकोसमोर खुळ्यात काढायचं, याहून हलकट धंदा नाही.

"उद्या खंडेनवमी," ते म्हणाले. "दुपारी दोघं इथं या. आपल्याला प्रसादाला जायचंय."

"प्रसादाला?" मेहमुदा बघतच राहिली.

"व्हय. फौंड्रीत."

खंडेनवमीला आमच्याकडे माणसापेक्षा लोखंडाला मान जास्त. सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर, दवाखान्यातली सुई, सगळ्याला हळद-कुंकू. उद्यमनगरात तर त्या दिवशी भट्ट्या थंड, लेथ धुतलेले, सगळीकडे झेंडूचा वास. वर्षभर ज्या मशीनला तेल घालायचं जिवावर येतं, त्याच्यापुढे मालक त्या दिवशी साष्टांग पडतो.

हंबीरराव चौगुल्यांची फौंड्री तर नवरीसारखी नटली होती. खुडे, मागे दोन हवालदार, आणि त्यांच्यामागे अवघडलेले गौस-मेहमुदा आत आले. बाळासो आधीच खुर्चीवर बसून पेढा खात होता. गौसला पाहून त्याचा घास थांबला, मग तो हसला.

"धरला का साहेब? मी सांगितलंतं!"

"या या फौजदारसाहेब!" हंबीरराव पुढे आले. अंगापिंडाने थोराड, रेशमी फेटा, आवाज भट्टीवर कमावलेला. "पावणं, बसा की. पेढं आणा रे!"

"बसतो. आधी कारखाना बघू. पूजा छान मांडलीय."

हंबीरराव खूश झाले. असल्या माणसाला त्याचं ऐश्वर्य दाखवायला सांगितलं, की तो स्वतःच्या फासाची दोरीसुद्धा मोजून दाखवेल. लेथ झाले, ड्रिल झालं, ओळीने उभे ट्रक, जीप, ॲम्बॅसडर. प्रत्येकाला हार, प्रत्येकापुढे नारळ. शेवटी भिंतीकडेला, साच्यांच्या पेट्यांमागे, ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. ताडपत्रीवर झेंडूचा भलाथोरला हार. पुढे फोडलेला नारळ, उदबत्ती.

"हे काय?"

"ते... जुनं मशीन हाय. मोडीत निघालंय."

"मोडीतल्या मशीनला सगळ्यात मोठा हार?"

हंबीररावांनी फेटा सारखा केला. खुड्यांनी हार अलगद उतरवून हवालदाराच्या हातात दिला आणि ताडपत्री ओढली. लाल टाकी झळकली. गौसच्या तोंडून "या अल्ला!" एवढंच निघालं.

"हंबीरराव चौगुले," खुडे मोठ्याने म्हणाले, सगळ्या कामगारांना ऐकू जाईल असं, "चोरीचा माल ठेवल्याबद्दल तुम्हाला अटक करतोय. बेड्या घाला रे."

"चोरीचा?" हंबीररावांचा फेटा हलला. "कुणाला चोर म्हणतोस? माझ्या कामगारांसमोर? आरं, चौगुल्याचं घराणं हाय हे! चौदा हजार मोजल्यात मी, वर आठ हजार ऑन दिलाय! विचार की ह्या बाळ्याला! सोताच्या हातानं गाडी बाहेर काढून दिली ह्यानं!"

कामगारांच्या माना बाळासोकडे वळल्या. बाळासो खुर्चीवरून उठला होता. पळायला त्याला चप्पल शोधावी लागणार नव्हती, पण दुसरा हवालदार दारात उभा होता.

"आठ?" गौस पुटपुटला. "मला सहा म्हणालता."

"बसा बाळासो," खुडे म्हणाले. "पेढा संपवा. तुमची गोष्ट आता मी सांगतो."

त्यांनी एक स्टूल ओढलं.

"फोनवर तुम्ही म्हणालात, चोरी. मी दुकानात आलो आणि उतारावर चिरडलेली लिंबं पाहिली. धोंडुबाई आदल्या संध्याकाळी लख्ख झाडून गेली होती. म्हणजे लिंबं रात्रीची. दुकानात दुसरी गाडीच नव्हती, शेवटची स्कूटर घटस्थापनेला गेलेली. मग त्या रात्री चाकाखाली लिंबू ठेवून बाहेर पडली ती कुठली गाडी? तुफानच. आता मला सांगा, आपल्याकडं नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू कोण ठेवतो? विकत घेणारा. चोराला कशाला हवीय नजर उतरवायला? तो कुलूप फोडतो आणि पळतो. ही गाडी चोरीला गेली नाही, तिची डिलिव्हरी झाली."

"लिंबू मीच ठेवलं," हंबीरराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बिनलिंबवाची गाडी कशी काढायची? पोरगं बसणार तीवर."

"तेच की. दुसरं, धोंडुबाईच्या लुगड्याला भोकं पडली. ॲसिड सांडल्याशिवाय तशी भोकं पडत नाहीत. मागच्या खोलीत आदल्या दिवशीच बॅटरी भरली होती. तुम्ही म्हणालात, कोरडी होती. गौसला दसऱ्याला द्यायची होती तर ही बॅटरी कुणासाठी? आणि किल्लीनं उघडलेलं कुलूप. ज्ञानूकडं किल्ली आहे खरी, पण तो माणूस तुमच्याकडं बघितल्याशिवाय शिंकत नाही. आणि बॅटरीबद्दल खोटं ज्ञानू बोलला नाही, तुम्ही बोललात."

बाळासो म्हणाला, "साहेब, मालकच सोताची गाडी चोरंल व्हय?"

"चोरेल, एकदाच विकायची लाज वाटत असेल तर! कलेक्टर कचेरीचा लेखी हुकूम होता, गाडी गौसलाच, कंपनीच्या किमतीत. म्हणजे ऑन बुडाला. पण गाडी चोरीलाच गेली, तर हुकूम कशाला लागू करणार? हंबीररावांकडून किंमत आणि आठ हजार वर. दुकानातल्या मालाला विमा असतोच, म्हणजे विमा कंपनीकडून पुन्हा किंमत. आणि ज्यानं ऑन द्यायला नकार दिला, तो तुरुंगात. पुढं कुणी तसं तोंड उघडायला नको. पुढच्या लॉटमधल्या एखाद्या गाडीचे कागद हिला चिकटवायचे, काय हंबीरराव?"

"दिवाळीला कागद देतो म्हणालता," हंबीरराव पुटपुटले. "चोरीचं नाव नुसतं हिशेबापुरतं हाय म्हणाला."

"पण साहेब, हितंच गाडी हाय हे तुमाला कसं कळलं?" गौसने विचारलं.

"गाडी गेली म्हटल्यावर अख्खं गाव दुकानावर तुटून पडलं. ज्याला सगळ्यात घाई होती, त्याचा मात्र साधा फोनही आला नाही. ज्याचं पोट भरलं तो पंगतीत ओरडत नाही. तरी त्याच दिवशी झडती घेतली असती, तर गाडी रातोरात कुठल्या कुठं गेली असती. म्हटलं, लिंबू ठेवल्याशिवाय जो गाडी हलवत नाही, तो खंडेनवमीला तिला पूजेवाचून ठेवेल? शक्यच नाही. आज ती याच्या वास्तूत ओळीत असणारच. लपवली तरी हार घातलाच, बघा."

कामगारांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. हंबीररावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

बाळासोचा मात्र अजून जीव गेला नव्हता. असल्यांचा लवकर जातही नाही. तो उठून गौससमोर आला आणि त्याने चक्क हात जोडले.

"गौसभाई, झालं गेलं गंगेला मिळालं. गाडी तुझी. आत्ताच न्हे. कंपनीच्या किमतीत, एक पैसा वर न्हाय! फक्त जबाबात येवढंच सांग, की दुकानात समजुतीचा घोटाळा झाला. मी बी फिर्याद मागं घेतो. डेपो मॅनेजरला मी सोता सांगतो. उद्या दसरा, हसतखेळत नवी गाडी घरी. वहिनी, तुमी तरी सांगा ह्याला. तुमाला तर व्यवहार कळतोय."

गौस गाडीकडे बघत होता. लाल टाकी, दोन्ही आरसे, त्यात त्याचंच तोंड. बुकिंग सुरू झालं त्या दिवशी पहाटेपासून तो रांगेत उभा राहिला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. खुडे स्टुलावरच बसून राहिले. जबाब गौसचा होता, घेणारा फक्त पोलीस.

मेहमुदा पुढे झाली.

"म्हंजी गाडीची किंमत द्यायची," ती म्हणाली, "आणि वर ह्यांनी खोटं बोलायचं. हे वरचं कशाचं हो, इंगवले? हा बी ऑनच की!"

बाळासोचे जोडलेले हात खाली आले.

"मीच ह्यास्नी म्हणलंतं, देऊन टाका, सगळं गाव देतंय. खुळी हुते मी. आज हे दिलं तर उद्या ह्यो आणि काय मागंल?" ती नवऱ्याकडे वळली. "तवा दिला न्हाईसा. आता बी देऊ नगासा. गाडी मिळंल तवा मिळंल."

"साहेब, लिहून घ्या," गौस म्हणाला. या वेळी आवाज त्याचा नेहमीसारखा होता, मागच्या सीटवर ऐकू जाणारा. "सगळं जसं घडलं तसं. आणि डेपो मॅनेजरला नाव साफ झाल्याची चिठ्ठी बी द्या, जरा लवकर लिहा. इचलकरंजीची सहाची गाडी न्यायची हाय."

खुड्यांनी हवालदाराला कागद काढायला सांगितलं.